बॅगा भरायचा वैशाख

तीन दिवस भिजलेल्या गव्हाचा चीक शिजत आला की एक आंबूस-गोड वास सुटतो. परवा पहाटे तो वास गच्चीभर पसरला, मी जुनं पातळ अंथरून कुरडया घालायला बसले, आणि सोऱ्या दाबता दाबता हात थांबला. गेल्या वर्षी याच वैशाखात, याच जागेवर, माझ्या कुरडयांना खेटून एक निळा तंबू उभा होता.

वाळवणाच्या दिवसांत आमच्या गच्चीवर कावळे येतात, चिमण्या येतात, शेजारची मंगल मीठ बघायच्या निमित्तानं येते आणि वाटीभर गरम चीक खाऊन जाते. तंबू कधी आला नव्हता. फलटणपासून अर्ध्या तासावरचं आमचं गाव, चारी बाजूंना ऊस. असल्या गावात सुभेदारांच्या गच्चीवर तंबू दिसल्यावर लोक काय काय बोलले असतील, ते मी सांगायला नकोच.

सुभेदार म्हणजे आमचे हे. चोवीस वर्षं फौजेत काढून, निवृत्त होऊन आता पंधरा वर्षं ऊस लावतात. मी इंदुमती, गावच्या वाचनालयात आयुष्यभर पुस्तकं दिली-घेतली. आमची एकुलती एक लेक अश्विनी जर्मनीत असते, तिचा नवरा निखिल आणि सात वर्षांची ईरा यांच्यासोबत. गेल्या वर्षी होळीच्या सुमाराला तिचा फोन आला. “आई, जूनमध्ये तुम्ही दोघं या. या वेळी आपण सगळे कॅम्पिंगला जाऊ. डोंगरात एक तळं आहे. आठ दिवस तिथं तंबूत राहायचं.”

मी म्हटलं, “का गं? घर गळतंय का तुमचं?”

ती हसत सुटली. यांच्या चेहऱ्यावर मात्र असं तेज चढलं होतं की विचारू नका. तंबू हा शब्द त्यांनी पंधरा वर्षांनी ऐकला होता. मंगलला कळलं तेव्हा ती म्हणाली, “आवं काकी, इमानात बसून एवढ्या लांब जायाचं आन् टोळीवाणी ऱ्हायाचं व्हय? मग आमच्याच रानात ऱ्हावा की! ऊस तुटलाय, जागा रिकामीच हाय.”

हसलो सगळे. रात्री मला ते हसू जरा टोचलं. दर हिवाळ्यात आमच्या बांधाला ऊसतोडीची टोळी येऊन उतरते, पाचटाच्या खोप्या घालते. एका वर्षी त्यातल्या एका बाईच्या लेकराला ताप होता म्हणून औषध द्यायला मी वाकून आत गेले होते. चार हात जागा. पण आरसा कुठं, मिठाची पुडी कुठं, देवाचा फोटो कुठं, सगळं ठरलेलं. तिनं मला बसायला पोतं झटकून दिलं होतं आणि चहा केला होता. माझ्या एवढ्या मोठ्या घरात मला अजून कात्री वेळेवर सापडत नाही.

आता खरं सांगते. मला जायचं नव्हतं.

तोंडानं मी सगळ्यांना हो म्हटलं होतं. पासपोर्ट झाला, व्हिसाच्या फोटोला डोक्यावरचा पदर काढून बसले, बोटांचे ठसे दिले. पण मनात एक बाई पदर खोचून उभी होती, आणि ती म्हणत होती, तू कुठं निघालीस? ती बाई जुनी आहे. लग्नानंतर पहिल्या रजेवर आले तेव्हाच हे म्हणाले होते, पुढच्या पोस्टिंगला तुला नेतो. पुढच्या पोस्टिंगला क्वार्टर मिळाली आणि माझ्या सासूबाई विहिरीजवळ घसरून पडल्या, मांडीचं हाड मोडलं. त्यानंतर पुन्हा एकदा मिळाली तेव्हा अश्विनीची दहावी होती. बाकी सगळी वर्षं ते डोंगरात, वाळवंटात, बर्फात, आणि मी इथं. भांडण नव्हतं की रुसवा नव्हता. राहणं हेच माझं काम झालं, आणि काम अंगवळणी पडलं की माणसाला तेच बरं वाटायला लागतं. शिवाय म्हैस गाभण होती, जूनच्या मध्यावर व्यायची होती. एवढं भक्कम कारण घरात बांधलेलं असताना बाई कशाला हलेल?

पण एक दिवस पाराजवळ हे मंगलच्या नवऱ्याला सांगताना मी ऐकलं, “औंदा हिला घिऊन चाललोय.” घेऊन चाललोय म्हणताना त्यांचा आवाज वेगळाच लागला. मी तिथून तशीच मागे फिरले. तेव्हा मला कळलं की मी नाही गेले, तर हे एकटे जातील, ईराला भेटतील, छान छान फोटो पाठवतील, परत येतील आणि एका शब्दानं बोलणार नाहीत. आणि चोवीस वर्षं वेगळं राहून आमच्या दोघांत जे अंतर पडलंय, ते तसंच राहील, कारण आता ओलांडायला आणखी किती संधी येणार? वयं झाली आमची. हे कळूनही मनातली ती बाई जागची हलत नव्हती, हे माझं दुखणं होतं.

तेवढ्यात अश्विनीनं सरावासाठी म्हणून तो निळा तंबू घरपोच पाठवला. यांनी खोकं उघडलं आणि तोंड पाडलं. “हे काय? मोळे न्हाईत, घण न्हाई, दोरखंड न्हाई. आमचा तंबू उचलाया धा जवान लागायचं. ही तर छत्री हाय!” तरी शिस्तीत सगळे भाग ओळीनं मांडले, मोजले. अंगणात म्हैस बुजेल म्हणून तंबू गच्चीवर नेला. गच्चीच्या स्लॅबमध्ये तंबूबरोबर आलेले बारके खिळे जाईनात, तर चार कोपऱ्यांना चार विटा, आणि एक दोर पाण्याच्या टाकीला. माझ्या कुरडयांवर त्याची सावली पडायला लागली तसं आमचं वाजलं. मी म्हटलं, कुरडया वाळल्या नाहीत तर जर्मनीत तळून काय खाणार? मग सूर्य फिरेल तसा तंबू फिरवायचा असा तह झाला. दिवसातून तीन वेळा सुभेदार विटा उचलून तंबू हलवायचे.

एका दुपारी त्यांनी मला आत बोलावलं. ऊन मी म्हणत होतं. आत सगळं निळं, नव्या प्लॅस्टिकचा वास, आणि बाहेरून चिकाचा वास. गुडघे मोडून कशीबशी बसले. ते म्हणाले, “हितं डोकं करायचं, चढाच्या बाजूला. बूट हितं. बॅटरी कायम उजव्या हाताला.” मी विचारलं, “आणि बायकोला कुठं ठेवायचं?” तर ते गोंधळले. फौजेच्या शिकवणीत ते नव्हतं. थोडा विचार करून म्हणाले, “आतल्या अंगाला. वारं लागत न्हाई.”

यादी हा त्या वैशाखाचा पंचप्राण. अश्विनीनं पाठवलेली यादी यांनी वहीत पट्टी मारून उतरवली. डोक्याला बांधायची बॅटरी, रेनकोट, जाड मोजे, गुंडाळून ठेवायची गादी, नाडीचे बूट. बुटांवर माझं अडलं. आयुष्यभर चप्पल घातलेली बाई मी. साताऱ्याहून बूट आले, आणि रोज संध्याकाळी कॅनॉलच्या रस्त्यानं साडीवर बूट घालून चालायचा सराव सुरू झाला. पहिल्याच दिवशी नाडी सुटली. हे रस्त्यातच खाली बसले, माझा पाय गुडघ्यावर घेतला आणि गाठ मारायला लागले. समोरून मंगल गवताचा भारा घेऊन येत होती. मी पाय ओढून घेतला. “हलू नगंस,” ते खालूनच म्हणाले, “ही गाठ चार दिस सुटत न्हाई.” मंगल भाऱ्याखालून नुसती हसत गेली, आणि मला या वयात कान गरम झाल्यासारखे वाटले.

खाण्याच्या वस्तूंवर अश्विनीनं फोनवरून पहारा बसवला होता. तिकडं दुधाचं काही नेऊ देत नाहीत. तूप नको, खवा नको, पेढे नकोत. यांना हे पटेना. “साताऱ्याच्या मुलखातनं निघायचं आन् कंदी पेढा न्यायचा न्हाई? मग निघायचं कशापायी?” ईरासाठी आणलेला अर्धा किलो पेढा मग त्यांनी दोन दिवसांत एकट्यानं संपवला, वाया जायला नको म्हणून. माझी थोरली बहीण, आक्का, तासगावला दिलेली. आमचं माहेरही तिकडंच, सांगलीच्या बाजूला. तिनं एसटीनं बेदाण्याची आणि हळदीची पिशवी पाठवली, वर फोन. “इंदे, थंडीत मूठ मूठ बेदाणा खा. लोणचं नेऊ नगं, त्याल सांडतंय. आन् लेकीच्या घरी जाऊन राबत बसू नगं.” कांदा-लसूण मसाला मी तीन पुडे बांधून, त्यावर पिशवी, पिशवीवर डबा, डब्यावर फडकं असा कोंडला, तरी बॅगेला वास यायचा तो आलाच. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, कुरडया, सांडगे. लेक ज्या चवी विसरली असेल असं मला वाटत होतं, त्या सगळ्या मी दाबून भरल्या.

निघायच्या आधी औंधला यमाईच्या दर्शनाला गेलो. डोंगराच्या पायऱ्या चढताना हे माझ्या मागे चालत होते, मी पडले तर धरायला. देवीसमोर हात जोडले, आणि काय मागितलं असेल मी? आज लाज वाटते, पण मागितलं हेच की आई, काहीतरी निघू दे, म्हणजे माझं जाणं रद्द होईल आणि माझ्यावर बोल येणार नाही. शेजारी हे डोळे मिटून उभे होते. त्यांनी काय मागितलं ते मी विचारलं नाही. देवीनं त्या दिवशी दोघांतल्या एकाचंच ऐकलं, आणि ते माझं नव्हतं, याबद्दल मी तिची जन्मभर ऋणी आहे.

आठ दिवस उरले होते. अश्विनी म्हणाली, बॅगा भरून एकदा वजन करून बघा, माणशी एकच बॅग, तेवीस किलोच्या वर जायला नको. दोन्ही बॅगा मी भरूनच ठेवल्या होत्या. हे ताणकाटा घेऊन आले, आकडीला पहिली बॅग लावली. सव्वीस. दुसरी पंचवीस. “उघड,” ते म्हणाले, “कमी करू.”

पहिल्या बॅगेत त्यांचे शर्ट, पँटी, गरम बंडी, मफलर, दाढीचं सामान, गोळ्या, बूट, आणि मसाले. दुसऱ्या बॅगेत त्यांची एक रजई, जास्तीचे मोजे, आणि बाकी सगळं खाणं आणि ईराचे फ्रॉक. ते एक एक वस्तू बाहेर काढून सतरंजीवर मांडत गेले. दोन्ही बॅगा रिकाम्या झाल्या. मग त्यांनी वर बघितलं.

“इंदे, तुजं कुठाय?”

मी बघत राहिले. सतरंजीवर माझी एक साडी नव्हती. परकर नव्हता, कंगवा नव्हता, माझी बीपीची गोळीसुद्धा नव्हती. शपथेवर सांगते, मी मुद्दाम केलं नव्हतं. घरात बॅग उघडली की ती त्यांची, ते निघणार, आपण भरायचं, एवढंच माझ्या हातांना माहीत होतं. दर रजेच्या शेवटी त्यांची ट्रंक भरता भरता हातांनी ते इतकं पाठ केलं होतं की स्वतःचं काही ठेवायचं असतं हे त्यांच्या गावीच नव्हतं. मला हसू आलं, आणि हसता हसता एकदम रडू आलं. मी खाली बसले. म्हशीचं, वाळवणाचं, सगळं काही त्यांना सांगायचं होतं, पण तोंडातून एवढंच गेलं, “मला सवयच न्हाई वो जायाची.”

समजूत घालणं त्यांना कधी जमलंच नाही. उठले, माझं कपाट उघडलं आणि त्यासमोर उभे राहिले. पस्तीस-चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी ते कपाट उघडल्याचं मला आठवत नाही. चार साड्या काढल्या, त्यातली एक नेमकी फाटकी. अश्विनीनं पाठवलेले पंजाबी ड्रेस काढले. खाली बसून त्या प्रत्येकाची अशी घट्ट गुंडाळी केली, फौजेत करतात तशी, की साडीची वीत उरली. एका दिवसाचं सगळं एका पिशवीत. पिशवीवर पेनानं एक, दोन, तीन असे आकडे. गोळ्या वेगळ्या डबीत, चष्मा मोज्यात. आणि मग विचारलं, “तुजं स्वेटर?”

स्वेटर मला नव्हतं. हिवाळ्यात पहाटे उसाला पाणी द्यायला मी त्यांचीच जुनी हिरवी जर्सी घालून जायची, कोपरावर विरलेली. ते त्यांनाही तेव्हाच आठवलं असावं. दुसऱ्या दिवशी भर उन्हात, डोक्याला टॉवेल गुंडाळून, मोटारसायकलवर ते फलटणला गेले. वैशाखात लोकरीचं स्वेटर मागणारा माणूस बघून दुकानदार हसला म्हणे. माळ्यावरचं खोकं उतरवून त्यानं जे दाखवलं त्यातलं यांनी एक उचललं. गडद गुलाबी, पुढं पांढरी फुलं. असला रंग मी लग्नातही घातला नव्हता. “घालून बघ,” म्हणाले. पंखा घरघरतोय, अंगाची लाही होतेय, आणि मी माजघरात गुलाबी स्वेटर घालून उभी. घामाच्या धारा. ते माझ्याभोवती एक फेरी मारून आले, खांदे चाचपले, बाह्या मोजल्या, आणि समाधानानं मान हलवली. त्या वेळी मनातली ती पदर खोचलेली बाई पहिल्यांदा गप्प बसली.

माझ्या बॅगेत जागा व्हावी म्हणून त्यांनी आपली रजई काढली, दोन शर्ट काढले. मी म्हटलं, गारठाल. म्हणाले, “सवं हाय.” मंगलला म्हशीचं विचारलं, तर ती उलट रागावली. “एवढ्यासाठी थांबलाय व्हय काकी? तुमची म्हस काय पयल्यांदा येतीया? जावा गुमान.” म्हैस आम्ही तिकडं असतानाच व्याली. मंगलनं पहाटे उठून सगळं निस्तरलं आणि फोनवर पारडी दाखवली. मी तळ्याकाठी गुलाबी स्वेटर घालून ती पारडी बघितली. लोकांनी माझ्यासाठी काय काय उचललं आहे याचा हिशोब लावायला बसले, तर मला पुरणार नाही.

ते आठ दिवस कसे होते, हे मला वाचनालयातल्या बायका अजून विचारतात. सुंदर होते, एवढंच म्हणते. तंबूच्या कापडावर पाऊस वाजला की आत कसं वाटतं, सकाळी दवानं दोर कसे जड होतात, हे मला साठीच्या उंबरठ्यावर कळलं, आणि यांनी पत्रांतून जे कधी लिहिलं नव्हतं ते बरंचसं त्या आवाजात ऐकू आलं. कुरडया गॅसच्या छोट्या शेगडीवर तळल्या, शेजारच्या तंबूतली गोरी मंडळी वास घेत आली, आणि ईरानं त्यांना आपल्या आजीची कुरडई वाटली. पण मला जास्त करून आठवतो तो हा वैशाख, बॅगा भरायचा. यंदाही चीक शिजला, यंदाही ऊन तसंच, आणि अश्विनीचा फोनही येऊन गेला आहे. कुरडया घालता घालता मी परवा मनाशी नुसते आभार मानत होते. कुणाकुणाचे ते नीटसं सांगताही येणार नाही.

निघायची सकाळ मात्र सांगायलाच हवी. जीप दारात आली होती. घरातून लांबच्या वाटेला निघणाऱ्याच्या तळहातावर आमच्याकडं चमचाभर दही-साखर ठेवतात. दर रजा संपली की ते मी ठेवत आले. त्या सकाळीही वाटी घेऊन मी उंबऱ्याशी आले, यांच्या हातावर दही ठेवलं. ते त्यांनी खाल्लं, आणि माझ्या हातातली वाटी काढून घेतली. “हात कर,” म्हणाले. लग्न होऊन निघताना आईनं ठेवलं होतं, त्यानंतर माझ्या हातावर कुणी दही ठेवलं नव्हतं. थोडं दही बांगडीवर सांडलं. मग माझ्याकडं न बघता ते एका दमात बोलले, “सांभाळून जा. येळच्या येळी जेवत जा. पोचल्यावर कळीव. हिकडची काळजी करू नगंस.”

मंगलनं तोंडाला पदर लावला. ते शब्द माझे होते. चोवीस वर्षं दह्याबरोबर मी जे म्हणत आले, तेच, तसंच. दही ठेवताना दुसरं काही म्हणतात हे त्या माणसानं कधी ऐकलंच नव्हतं.

“आवं,” मी म्हटलं, “तुमीबी माझ्यासंगं येताय न्हवं?”

“व्हय की,” ते म्हणाले. जीपवाल्यानं हॉर्न दिला तरी वाटी हातात धरून ते उंबऱ्यातच उभे राहिले. मग हळूच म्हणाले, “मागं ऱ्हाऊन हे म्हणायचं लय अवघड हाय गं, इंदे.”